ब्लड कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे रक्तात जंतू नाहीतच का?

"एवढं रक्त दिलं, पाच दिवस थांबलो, आन् रिपोर्टात काहीच निघालं नाही, मग ताप कशाचा होता?" मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात, संभाजीनगरच्या घाटीत बघा, लातूरला बघा, नांदेडला नाहीतर अंबाजोगाईला बघा, जंतू तपासणाऱ्या मायक्रोबायोलॉजी लॅबच्या खिडकीपाशी हा प्रश्न येतोच. नातेवाईकांचं चुकत नाही, कारण 'नो ग्रोथ' दोन कारणांनी येऊ शकतं. एक तर रक्तात खरंच जंतू नव्हते, नाहीतर होते पण बाटलीत उगवले नाहीत. कागदावर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. यातलं कुठलं हे कमीतकमी आमच्या बाजूने तरी छातीठोक सांगता यावं म्हणून लॅबमध्ये रोज जे तपासणीचं काम चालतं त्याला क्वालिटी कंट्रोल म्हणतात, आणि या कामाबद्दल बाहेर कुणी बोलत नाही म्हणून मी आज सविस्तर लिहितेय. मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं कळकळीनेच लिहिलं जाईल.

आधी मुळातलं. आपलं रक्त साधारणपणे निर्जंतुक असतं. तोंडात, आतड्यात, कातडीवर करोडो जंतू असतात आणि ते तिथे असायलाच पाहिजेत, पण रक्तात जंतू टिकून राहिले, वाढायला लागले की शरीराचा तोल जातो, ताप येतो, थंडी वाजून हुडहुडी भरते, बीपी खाली जातं, लघवी कमी होते, म्हातारं माणूस बडबडायला लागतं, आणि नवजात लेकरू असेल तर ते फक्त दूध ओढायचं थांबवतं, बाकी काही सांगत नाही. ही अवस्था तासातासाला बिघडते. म्हणून डॉक्टर रक्त काढून कल्चरला पाठवतात, म्हणजे ते रक्त जंतूंना आवडणाऱ्या खाद्यात टाकून उबेत ठेवायचं, जंतू असले तर ते वाढतात, मग कुठला जंतू आहे आणि कुठलं औषध त्याला मारतं हे बघता येतं.

आता आपल्याकडे ताप म्हटलं की पहिली तपासणी विडालच. "टायफॉईड निघाला" हे वाक्य आपण सगळ्यांनी गावात ऐकलंय. विडाल ही टेस्ट १८९६ सालची आहे आणि ती जंतू शोधतच नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी मोजते. त्यामुळे पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, किंवा दुसराच कुठला ताप असेल तरी ती पॉझिटिव्ह दिसू शकते, आणि खरा टायफॉईड असून पहिल्या आठवड्यात निगेटिव्हही येऊ शकते. ब्लड कल्चर मात्र प्रत्यक्ष जंतू हातात देतं. ते सगळे पेशंट पकडतं असंही नाही हां, टायफॉईडमध्ये साधारण ४० ते ६० टक्के पेशंटमध्येच रक्तातून जंतू मिळतो, पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घेतलं तर जास्त. पण जो जंतू मिळतो त्याच्यावर औषधं लावून बघता येतात, आणि आजच्या काळात, जिथं टायफॉईडचे जंतू जुन्या गोळ्यांना दाद देईनात, तिथं तेच सगळ्यात मोलाचं आहे.

मग जंतू मिळत का नाहीत? कारण ते फार थोडे असतात. मोठ्या माणसाला रक्तात इन्फेक्शन झालेलं असतानाही बऱ्याच वेळा एका मिलीलिटर रक्तात दहापेक्षा कमी, कित्येकदा एखादाच जंतू असतो. म्हणजे तुम्ही दोन मिली रक्त दिलं तर त्यात एकही जंतू न येण्याची शक्यता चांगलीच आहे. म्हणून मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं, दोन बाटल्यांचा एक सेट, आणि असे दोन सेट, शक्यतो वेगवेगळ्या हातातून. सगळं मिळून ४० मिलीच्या आसपास. इथे नातेवाईक भांडतात, "आधीच अशक्तपणा आलाय, अजून किती रक्त काढता", आणि सिस्टर बिचाऱ्या वैतागून तीन-चार मिलीवर थांबतात. पण मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं, रक्तदानाला आपण एका वेळी ३५० मिली देतो, त्यापुढे ४० मिली काहीच नाही. ब्लड कल्चरमध्ये जंतू सापडायला कुठल्याही महागड्या मशीनपेक्षा जास्त उपयोग कशाचा होत असेल तर पुरेशा रक्ताचा होतो, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे. लहान लेकरांचं वेगळं, त्यांच्या वजनाप्रमाणे घेतात, नवजाताचं साधारण एक मिली तरी हवं, आणि त्यांच्या बाटल्याही वेगळ्या, कमी रक्ताला बनवलेल्या.

दोन हातातून का, हेही विचारतात. कातडीवर राहणारे काही जंतू सुईबरोबर बाटलीत जातात आणि तिथे मस्त वाढतात. कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ नावाचा जंतू यात सगळ्यात पुढे. चार बाटल्यांपैकी एकीतच तो आला तर बहुतेक वेळा तो कातडीवरचा, पण दोन्ही हातांच्या बाटल्यांत तोच आला, पेशंटच्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा मोठ्या शिरेत नळी आहे, तर तोच जंतू खरा आजार असू शकतो. एकाच हातातून एकच बाटली आली असेल तर आम्हाला हे ठरवताच येत नाही आणि पेशंटला कदाचित आठवडाभर गरज नसलेलं महागडं इंजेक्शन चालू राहतं. म्हणून कातडी नीट पुसायची, अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन लावून घासायचं आणि वाळू द्यायचं, वाळल्यावर परत शीर बघायला बोट लावायचं नाही, बाटलीचं रबरी बूचही अल्कोहोलने पुसायचं कारण झाकणाखालचं बूच निर्जंतुक असतं असं गृहीत धरता येत नाही, आणि आधीच लावलेल्या सलाईनच्या सुईतून रक्त ओढायचं नाही. दूषित निघणाऱ्या कल्चरचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत असावं असा जुना दंडक आहे, आता चांगल्या पद्धती वापरून ते १ टक्क्यावर आणा असं म्हणतात. ज्या लॅबला आपला हा आकडा महिन्याच्या महिन्याला माहीत असतो ती लॅब कामाची समजा.

आता बाटलीत काय असतं ते बघू. त्या पिवळसर पाण्याला ब्रॉथ म्हणतात. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ब्रॉथ हे दुधातलं केसिन आणि सोयाबीन यांचं एन्झाइमने पचवलेलं मिश्रण असतं. हो, सोयाबीनच, जे आपल्या लातूर-धाराशिवच्या रानात पेरलं जातं तेच पीक. त्यात मीठ, थोडी साखर आणि पीएच सांभाळणारे क्षार. याशिवाय ब्रेन हार्ट इन्फ्युजन नावाचं एक ब्रॉथ असतं, तेही बरंच चालतं. पण ब्रॉथमध्ये नुसतं खाद्य असून भागत नाही, रक्तासोबत पेशंटच्या पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारणारी प्रथिनं येतात, आणि आधी दिलेलं अँटिबायोटिकही येतं, ही सगळी मंडळी बाटलीतही आपलं काम चालूच ठेवतात. म्हणून रक्त पाचपट ते दहापट पातळ होईल एवढं ब्रॉथ असतं, आणि त्यात एसपीएस नावाचं रसायन घालतात, ते रक्त गोठू देत नाही आणि रक्तातली जंतूमारक ताकद थंड करतं. काही बाटल्यांत अँटिबायोटिक शोषून घेणारे रेझिनचे बारीक मणी असतात. यामुळे उलटंही लक्षात घ्या, दहा मिलीच्या बाटलीत उत्साहाने पंधरा मिली रक्त भरलं तर पातळ होण्याचं गणितच बिघडतं.

प्रत्येक जंतूचा स्वभाव निराळा, त्यामुळे एकच मीडिया, म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य, सगळ्यांना चालत नाही. ज्या एसपीएसमुळे बाकीचे जंतू वाचतात तेच मेंदूज्वराच्या मेनिंगोकोकससारख्या काही जंतूंना रोखू शकतं. टायफॉईडच्या जंतूसाठी पित्त घातलेलं बाइल ब्रॉथ जुन्या काळापासून वापरतात, पित्तामुळे रक्ताच्या पेशी फुटतात आणि आत लपलेले जंतू मोकळे होतात. ब्रुसेला हा तर आपल्या भागात विशेष लक्षात ठेवायचा जंतू, गाय, म्हैस, शेळी गाभडली, वार काढायला हात घातला, कच्चं दूध प्यायलं, की महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, कंबरदुखी, घाम. हा सावकाश वाढतो. त्याच्यासाठी कास्टानेडा बाटली असते, तिच्यात एका बाजूला घट्ट अगार, म्हणजे जेलीसारखं गोठवलेलं खाद्य, आणि खाली ब्रॉथ, बाटली नुसती तिरकी केली की ब्रॉथ अगारवरून फिरतं, झाकण उघडावं लागत नाही. झाकण न उघडणं फार महत्त्वाचं, कारण ब्रुसेला हवेतून लॅबमधल्या माणसालाच होतो, जगभरात लॅबमधून होणाऱ्या इन्फेक्शनमध्ये तो बराच वर आहे. म्हणून डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती, पेशंट जनावरांत काम करतो, शेळ्या-मेंढ्या राखतो, पशुवैद्यकाकडे मदतनीस आहे, हे फॉर्मवर एका ओळीत लिहा. त्या ओळीने आमच्या टेक्निशियनची तब्येत वाचते आणि पेशंटची बाटली घाईने फेकली जात नाही.

मोठ्या लॅबमध्ये बाटल्या मशीनमध्ये बसवतात. जंतू वाढताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाटलीच्या तळाशी असलेला सेन्सर तो ओळखतो, एका प्रकारच्या मशीनमध्ये हा तळ निळसर-हिरव्याचा पिवळा होतो, दुसऱ्यात प्रकाश चमकण्यातला फरक मोजतात, आणि मशीन दर काही मिनिटांनी प्रत्येक बाटली तपासत असतं, रात्री दोन वाजता सुद्धा. साधारणपणे पाच दिवस ठेवतात, पण खरे आजाराचे जंतू बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांतच कळतात. जिथं मशीन नाही तिथं टेक्निशियन रोज डोळ्यांनी बघतात, गढूळ झालं का, बुडबुडे आले का, रक्त फुटलं का, आणि काही दिसो न दिसो ठरलेल्या दिवशी थेंबभर काढून प्लेटवर, म्हणजे अगार ओतलेल्या चपट्या बशीवर, पसरवतात. हेही काम चांगलं होतं, फक्त मनुष्यबळ आणि शिस्त लागते.

आता मूळ मुद्द्यावर येते. ही बाटली, ही प्लेट जंतू उगवू शकते हे कशावरून?

जून उजाडायच्या आधी आपल्याकडे शेतकरी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, किती उगवले ते मोजतात आणि मगच पेरतात. आम्ही हेच करतो, फक्त उलट्या बाजूने. आमच्याकडे बियाणं खात्रीचं असतं आणि तपासायचं असतं ते रान. खात्रीचं बियाणं म्हणजे कंट्रोल स्ट्रेन, ज्या जंतूचं सगळं वागणं जगभर माहीत आहे, ज्याला नंबर आहे, आणि जो अमेरिकेतल्या एटीसीसी या जंतुसंग्रहातून किंवा तिथल्या जंतूच्या प्रमाणित प्रतीतून येतो. आपल्याकडेही असे संग्रह आहेत, चंदीगडला एमटीसीसी आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, एनसीआयएम. ई. कोलाय २५९२२, स्टॅफ ऑरियस २५९२३, स्युडोमोनास २७८५३ हे नंबर मायक्रोबायोलॉजीतल्या माणसाला झोपेत विचारले तरी सांगता येतात. हे जंतू उणे ७० अंशाच्या फ्रीजरमध्ये ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवायचे, एकावरून दुसऱ्या प्लेटवर किती वेळा काढले ते मोजायचं, कारण वारंवार उतरवत राहिलं की त्यांचं वागणं बदलतं आणि मग खात्रीचं बियाणंच खात्रीचं राहत नाही.

प्लेट कशी बनते ते आधी थोडक्यात. पावडर येते, ती मोजायची, पाण्यात विरघळवायची, दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला १५ मिनिटं ठेवायची आणि प्लेटमध्ये ओतायची. ऐकायला सोपं आहे. पण पाणी कुठलं? आपल्याकडे बोअरचं पाणी किती जड असतं ते भांड्यावर धरणाऱ्या पांढऱ्या थरावरून दिसतंच, असल्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम मीडियात गेले की नुसता रंग बदलत नाही, औषधाची चाचणीही चुकते, म्हणून डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणीच, आणि त्या पाण्याचीही तपासणी. ऑटोक्लेव्ह जास्त वेळ चालला तर साखर करपते आणि पोषण जातं, कमी चालला तर जंतू जिवंत राहतात, म्हणून त्यात उष्णतेला दाद न देणाऱ्या एका जंतूचे बीजाणू ठेवून तेही मेले का हे ठराविक दिवसांनी बघतात. प्लेट घट्ट करणारं अगार म्हणजे आपल्या किराणा दुकानातलं चायना ग्रासच. पूर्वी त्याजागी जिलेटिन वापरायचे, ते उन्हाळ्यात पातळ व्हायचं, १८८१-८२ च्या सुमारास फॅनी हेस नावाच्या बाईंनी स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं आणि जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेची अडचण सुटली. आपल्या मे महिन्यात जिलेटिनची प्लेट एक दिवसही टिकली नसती, त्यामुळे मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

ब्लड अगारमध्ये ५ टक्के मेंढीचं रक्त घालतात, अगार ४५-५० अंशापर्यंत निवल्यावर, आधी घातलं तर रक्त करपतं आणि उशीर केला तर गुठळ्या. मेंढीचं रक्त मिळत नाही म्हणून काही ठिकाणी ब्लड बँकेतल्या मुदत संपलेल्या माणसाच्या रक्ताच्या पिशव्या वापरल्या जातात. अडचण मला समजते, पण हे करू नये असंच माझं मत आहे, त्या रक्तात सायट्रेट असतं, दात्याच्या अँटिबॉडी असतात, एखाद्या वेळी अँटिबायोटिकही असतं, जंतूभोवती रक्त विरघळल्याचं जे वर्तुळ बघून आम्ही स्ट्रेप्टोकोकस ओळखतो ते नीट दिसत नाही, आणि हाताळणाऱ्याला धोका वेगळाच. ज्या जिल्ह्यात घरोघर शेळ्या-मेंढ्या आहेत तिथं चार मेंढ्या नीट सांभाळून, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली रक्त घेण्याची सोय करणं अशक्य नाही. चॉकलेट अगार म्हणजे तेच रक्त तापवून पेशी फोडलेलं, रंग तपकिरी म्हणून नाव, त्यात चॉकलेट काही नसतं. हिमोफिलससारखे नाजूक जंतू फक्त त्यावरच नीट वाढतात.

प्लेट तयार झाली की आधी डोळ्यांनी बघायची, तडा, बुडबुडे, कोरडेपणा, सगळीकडे सारखी जाडी, मग पीएच, मग त्या लॉटमधल्या काही रिकाम्या प्लेटा इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे ऊब देणाऱ्या कपाटात, ठेवायच्या, साधारण शंभरात पाच, एक-दोन दिवस, त्यावर काहीच उगवायला नको. आणि मग खरी परीक्षा. ब्लड अगारवर स्ट्रेप्टोकोकस पायोजेनेस पसरवायचा, भोवती स्वच्छ पारदर्शक वर्तुळ दिसलं पाहिजे, न्यूमोकोकस पसरवायचा, हिरवट छटा दिसली पाहिजे. चॉकलेट अगारवर हिमोफिलस उगवलाच पाहिजे. मॅकॉंकी नावाच्या अगारवर ई. कोलाय गुलाबी, साल्मोनेला बिनरंगी, आणि स्टॅफ किंवा एन्टेरोकोकस उगवायला नको, कारण मॅकॉंकीचं कामच त्यांना अडवायचं आहे. म्हणजे जो उगवायला पाहिजे तो उगवतो का आणि जो अडवायला पाहिजे तो अडतो का, दोन्ही बघायचं. नुसतं पहिलं बघून सही करणाऱ्या वह्या मी पाहिल्यात आणि मला ते बघवत नाही.

इथे एक बारकी पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पेरताना जंतू थोडेच टाकायचे. भरपूर, लाखांनी टाकले तर खराब प्लेटवरसुद्धा काही ना काही उगवतंच आणि प्लेट पास होते. पण पेशंटच्या रक्तात तर मिलीमागे एखादाच जंतू असणार आहे, तो एकटा जंतू या मीडियात जगतो का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून कंट्रोल स्ट्रेन पातळ करत करत इतका पातळ करायचा की प्लेटवर मोजता येतील एवढ्याच कॉलनी, म्हणजे जंतू वाढून झालेले ठिपके, याव्यात, आणि ब्लड कल्चरच्या बाटलीची परीक्षा घेतानाही मोजके जंतू टाकायचे, सोबत रक्त घालून, आणि बाटली किती तासांत पॉझिटिव्ह होते ते लिहून ठेवायचं. मागच्या लॉटला बारा तास लागले आणि या लॉटला तीस लागत असतील तर बाटली पॉझिटिव्ह झाली म्हणून खूश व्हायचं कारण नाही, काहीतरी बिघडलंय.

तयार मीडिया कंपनीकडून आणला तर हे सगळं करावं लागतं का, असं विचारतात. नावाजलेल्या कंपनीच्या काही मीडियाला प्रमाणपत्र असेल तर पूर्ण परीक्षा परत घ्यायची गरज नसते, पण चॉकलेट अगारसारखा नाजूक मीडिया स्वतः तपासावाच लागतो, आणि नजरेची तपासणी, लॉट नंबर, एक्सपायरी, मिळाल्याची तारीख हे प्रत्येक खोक्याला लागतंच. कारण कारखान्यातून निघताना माल उत्तम असेलही, पण मुंबईहून नांदेडला ट्रकमध्ये मे महिन्यात आलेलं खोकं वाटेत किती तापलं हे त्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं.

हा उन्हाचा मुद्दा मराठवाड्यासाठी फार मोठा आहे. ४२-४३ अंश आपल्याला नवीन नाही, आणि ब्लड कल्चरच्या बाटल्यांवर साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं, कंपनीप्रमाणे २५ किंवा ३० अंशांपर्यंतच. पत्र्याच्या स्टोअरमध्ये, वॉर्डातल्या खिडकीखालच्या कपाटात पडलेल्या बाटल्या हे तापमान रोज ओलांडतात, शिवाय उजेडही त्यांना चालत नाही. लाईट गेली की इन्क्युबेटर थंड होतो, उन्हाळ्यात खोलीच ४० ला गेली की उलट इन्क्युबेटर ३५ वर उतरतच नाही, कारण त्याला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. म्हणून त्या खोलीला एसी ही चैन नाही. इन्क्युबेटरच्या दारावरचा तापमानाचा तक्ता सकाळ-संध्याकाळ भरायचा, आणि आतल्या स्वतंत्र थर्मामीटरवर बघून भरायचा, बाहेरच्या आकड्यावर नाही.

रक्त घेतल्यानंतर मात्र लोक बरोब्बर उलटी चूक करतात, काळजीने बाटली फ्रिजमध्ये ठेवतात. कधीच ठेवू नका. नाजूक जंतू थंडीने मरतात. बाटली खोलीच्या तापमानाला, सावलीत, आणि शक्यतो दोन तासांच्या आत लॅबला. तालुक्याहून एसटीने किंवा जीपने बाटली येते तेव्हा हे जमत नाही हे मला माहीत आहे, मग निदान रक्त घेतल्याची वेळ बाटलीवर लिहा. वाटेतच जंतू भरपूर वाढून थकले तर मशीनला वाढीचा चढ दिसतच नाही, आणि बाटली जंतूंनी भरलेली असूनही निगेटिव्ह राहू शकते. वेळ लिहिलेली असली की उशिरा आलेली बाटली मशीनमध्ये घालायच्या आधी आम्ही तिचा थेंब प्लेटवर टाकतो.

बाटली पॉझिटिव्ह झाली की पहिलं काम ग्राम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचे. जांभळे दिसले तर स्टॅफ-स्ट्रेपच्या बाजूचे, गुलाबी दांड्या दिसल्या तर ई. कोलाय, क्लेबसिएलाच्या बाजूचे. एवढ्यावर डॉक्टर औषध बदलू शकतात, म्हणून हा निकाल कागद छापायची वाट न बघता लगेच फोनवर सांगायचा, रात्र असो की सुट्टी, कुणाला सांगितलं आणि किती वाजता तेही लिहायचं. इथेही तपासणी आहेच, अल्कोहोल दोन सेकंद जास्त राहिलं तर जांभळे जंतू गुलाबी दिसतात, म्हणून माहितीच्या स्टॅफ आणि ई. कोलायची स्लाइड सोबत रंगवायची. मग त्याच बाटलीतून ब्लड, चॉकलेट आणि मॅकॉंकीवर पसरवतात आणि दुसऱ्या दिवशी कॉलनी आल्या की जंतूचं नाव ठरतं.

शेवटी औषधांची चाचणी, आणि मीडियातला दोष सगळ्यात महाग पडतो तो इथेच. म्युलर हिंटन अगारवर जंतू पसरवून औषधाच्या चकत्या ठेवतात, भोवती जंतू उगवत नाही तेवढं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. अगारची जाडी ४ मिलिमीटर पाहिजे. प्लेट पातळ ओतली, मीडिया वाचवायला म्हणा की घाईत, तर औषध आडवं जास्त लांब पसरतं, वर्तुळ मोठं येतं आणि न चालणारं औषध चालतंय असं रिपोर्टात जातं. चकत्या उघड्या, दमट राहिल्या तर उलटं होतं. हे पकडायला ई. कोलाय २५९२२ लावतात, जेंटामायसिनच्या चकतीभोवती त्याचं वर्तुळ १९ ते २६ मिलिमीटरमध्येच आलं पाहिजे. २९ आलं तर त्या दिवसाचा पेशंटचा जेंटामायसिनचा निकाल द्यायचाच नाही, कारण शोधायचं, परत लावायचं. नवजातांच्या अतिदक्षता विभागातल्या, एनआयसीयूतल्या, दीड किलोच्या लेकराच्या रक्तात क्लेबसिएला निघालेला असतो, बरीच औषधं आधीच बाद झालेली असतात, उरलेल्या दोन-तीनमधलं एक आपल्या रिपोर्टवर निवडलं जाणार असतं. तेव्हा तीन मिलिमीटरचा फरक काय असतो हे मला कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं लॅब स्वतःच स्वतःचं तपासते, म्हणून बाहेरूनही कुणीतरी बघायला हवं. वैद्यकीय मायक्रोबायोलॉजिस्टांची देशपातळीवरची संघटना, आयएएमएम, अशी बाहेरून तपासणी चालवते, नाव न सांगता जंतू पाठवतात, लॅबने ओळखून कळवायचं, मग गुण मिळतात. लॅबची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, एनएबीएलचं, मानांकनही असतं. तुम्ही पैसे देऊन तपासणी करत असाल तर लॅबला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या लॅबला असं विचारलेलं आवडतं.

आता घरच्या माणसांसाठी आणि गावातल्या डॉक्टरांसाठी. दवाखान्यात येण्याआधी घेतलेल्या गोळ्या, मेडिकलवरून आणलेल्या सुद्धा, न लपवता सांगा, शक्य असेल तर पाकीट दाखवा. पहिलं अँटिबायोटिक जायच्या आधी रक्त घेऊ द्या आणि पुरेसं घेऊ द्या. पेशंट अत्यवस्थ असेल तर मात्र कल्चरसाठी औषध अडवायचं नाही, रक्त ओढायला पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात बाटली हाताशी नसेल तर औषध आधी. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यांनी जवळच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा खासगी लॅबकडून चार बाटल्या आधीच आणून, एक्सपायरी बघून, एसी असलेल्या खोलीतल्या बंद कपाटात ठेवाव्यात. रिपोर्ट २४ आणि ४८ तासांनाही विचारा, पाच दिवसांचा कागद यायची वाट बघत बसू नका. आणि 'नो ग्रोथ' येऊनही ताप उतरंना, तर किती बाटल्या गेल्या होत्या, किती रक्त होतं, अँटिबायोटिकच्या आधी की नंतर, हे तिन्ही डॉक्टरांना विचारून घ्या, त्यावरून कल्चर परत पाठवायचं की क्षयरोग, मलेरिया, स्क्रब टायफसच्या तपासण्यांकडे वळायचं हे ठरतं, कारण हे तिन्ही आजार या नेहमीच्या बाटलीत उगवत नाहीत.